चाळिसावी पट्टी

सोमवार, तारीख ४

छातीत कळ आली म्हणे. शनिवारी साडेदहाला मतदान, आणि साहेबांच्या छातीत कळ बरोबर दहाला. अकराला पोरं परत आणायचा ठराव पडला, साडेअकराला कळ गेली. असं घड्याळ लावून येणारं दुखणं मी तरी पाहिलेलं नाही, आणि बाबांचं दुखणं चार वर्षं मीच काढलंय. तू तेव्हा शाळेत जात होतास.

मी दवाखान्यात आले होते. तुला कुणी सांगितलं नसेल. कॅन्टीनच्या टीव्हीवर तुझी रिकामी खुर्ची दाखवली आणि खाली लिहून आलं की सभासद रुग्णालयात. मी डबा तसाच उघडा टाकून निघाले. मुकादमाला विचारलंसुद्धा नाही. दोन बस बदलल्या. दुसऱ्या बसमध्ये रडले, हे आता लिहायची लाज वाटते. दाराशी तुझा तो चष्मेवाला सचिव. म्हणाला, ताई, साहेबांना विश्रांती सांगितली आहे, भेट होणार नाही. पण दार बोटभर उघडं होतं. तू खाटेवर मांडी घालून चहात बिस्कीट बुडवत होतास. चादरीची घडी मोडलेली नव्हती. बिस्कीट तुटून कपात पडलं, तर तू ते चमच्याने शोधून काढून खाल्लंस, लहानपणी काढायचास तसंच, जीभ बाहेर काढून. छातीत कळ असलेला माणूस बुडालेल्या बिस्किटाच्या एवढं मागे लागत नाही. मी तशीच फिरले.

शुक्रवारी फोनवर काय बोललास ते आठवतं का? "ताई, उद्या मी हात वर करणार. पक्ष गेला उडत." हे तुझे शब्द आहेत, मी एकही घातलेला नाही. आणि मी मूर्ख बाई, शनिवारी सकाळी कामावर गेल्या गेल्या कटरबाईला सांगून बसले. कटरबाई तुला माहीत नाही. माझ्या मागच्या टेबलावर ती थानंच्या थानं कापड कापते, मी तिच्यापुढे नावं शिवते. तिचा मुलगा वरच्या चौकीवर आहे, बर्फात. एवढा उंच आहे की सगळे त्याला शिडी म्हणतात. आपला बोका, माझा एकुलता एक, आणि तो एकाच दिवशी भरती झाले. मी तिला म्हटलं, माझा भाऊ हात वर करणार आहे, शिडी महिन्याच्या आत घरी. तिने मशीन बंद केलं आणि माझे दोन्ही हात धरले. कापडाचा भुगा होता तिच्या हाताला. मग दुपारी टीव्ही.

दोन्हीकडे एकशे आठ, एकशे आठ. बरोबरी झाली की ठराव पडतो असा तुमचा नियम आहे म्हणे. म्हणजे एक हात हवा होता. एकच. आणि तो हात बिस्कीट धरून होता.

मला राजकारण कळत नाही असं तू नेहमी म्हणतोस. चौथीत शाळा सुटली, कुठून कळणार. पण मला जे दिसतं ते सांगते. युद्ध काढलं जांभळ्यांनी. तेव्हा तुम्ही पिवळे रस्त्यावर बसलात, पोरं परत आणा म्हणून घसे फोडलेत. मग निवडणूक झाली, तुम्ही खुर्चीत गेलात, जांभळे समोर बसले. आता जांभळे म्हणतात पोरं परत आणा, आणि तुम्ही म्हणता, असं एकदम कसं, थांबा. पोरं तीच. डोंगर तोच. बाकड्यांची अदलाबदल झाली तशी तोंडंही बदलून घेतलीत. ह्याला राजकारण म्हणत असतील तर ते मला चांगलं कळतं. आमच्या इमारतीत जिन्यातल्या दिव्यावरून रोज हेच चालतं.

तुझी पत्रकं घेऊन मी सहा सहा मजले चढले. गुडघा तेव्हाच गेला. दार उघडलं की एकच बोलायचे, माझा भाऊ आहे, पोरं परत आणेल. लोकांनी तुझ्या भाषणाला मत नाही दिलं, माझ्या तोंडाला दिलं. आता तीच माणसं जिन्यात भेटतात आणि बाजूला सरकून वाट देतात. भांडली असती तर बरं झालं असतं.

ठराव आणखी एकदा मांडता येतो असं मुकादम म्हणाला. शुक्रवारी, २२ तारखेला. तेव्हा काय करणार आहेस ते मला कळव. फोनवर नको. तुझ्या फोनवर माझा आता विश्वास नाही. लिहून कळव.

ताई


शुक्रवार, तारीख ८

तुझं पत्र आलं. तुझं म्हणजे टाईप केलेलं. वर पिवळा शिक्का, खाली सहीचासुद्धा शिक्का. "आदरणीय भगिनी, आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या. सदर विषयाबाबत आम्ही संवेदनशील आहोत." भगिनी कोण रे? तुझं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलंय. त्या चष्मेवाल्याला सांग, पुढच्या वेळी पत्र टाकण्याआधी वरचं नाव तरी वाच. हेच पत्र तू आणखी किती बायकांना पाठवलंस? आमच्याच खात्यात दोघींकडे आहे. एकीने त्यात धाग्याची रिळं गुंडाळून ठेवली आहेत.

मला आता तुझ्याशी ठरावाचं बोलायचं नाही. दुसरं बोलायचं आहे. तू कारखान्यात एकदाच आलास, नव्या इमारतीची फीत कापायला, आणि कात्रीसुद्धा उलटी धरली होतीस. म्हणून मी काय काम करते ते नीट सांगते.

मी नावाच्या पट्ट्या शिवते. सैन्याच्या कचेरीतून एकेका शिपायाची एकेक चिठ्ठी येते, तिच्यावर नाव आणि नंबर. मी ते पट्टीवर मशीनने भरते, कडा दुमडते, आणि पट्टी कोटावर डाव्या बाजूला शिवते. साध्या कोटाला काळा धागा. वरच्या चौकीचे कोट पांढरे असतात, जाड, आत अस्तर, आणि त्यांच्या पट्टीला नारिंगी धागा. नारिंगी का, तर बर्फात पडलेला माणूस लांबून दिसावा आणि कोण आहे ते वाचता यावं. हे मला पहिल्या दिवशी मुकादमाने सांगितलं, जसं बटण कुठे लावायचं ते सांगावं तसं. चाळीस कोटांची एक पेटी. चाळीस माणसं एकदम वर जातात आणि आधीची चाळीस एकदम खाली येतात. पेटीत एकोणचाळीस असतील तर मुकादम सील मारत नाही, आणि सील नसेल तर पेटी हलत नाही. पेटी नाही तर माणसं नाहीत. कोट नसलेल्या माणसाला वर पाठवायचं नाही, एवढा एक नियम तरी तुमच्या सैन्यात शहाण्याने केला आहे.

मंगळवारी पांढऱ्या कोटांच्या चिठ्ठ्या आल्या. मी नावं वाचत बसत नाही. वाचायला मला वेळ लागतो, तुला माहीत आहे. मी अक्षर बघते आणि हात चालवते. सव्विसावी का सत्ताविसावी पट्टी. मशीनवर भरून झाली, कडा दुमडून झाल्या, आणि मग मला नंबर दिसला. आकडे मला अक्षरांपेक्षा लवकर कळतात. बोक्याचा नंबर मला पाठ आहे. दोन वर्षं मी तो प्रत्येक पाकिटावर लिहिते.

बोका तर खालच्या गोदामात आहे. चौकीच्या बरंच खाली, चूल आणि छप्पर असलेल्या जागी. त्याचं नाव नारिंगी धाग्यात कसं आलं? कुणी घातलं? तू मामा आहेस. बोका हे नावसुद्धा तूच ठेवलंस, दुधाचं पातेलं तोंडाला लावून बसला होता म्हणून. तर चौकशी कर. ठरावाला तुझा हात जड होतो, फोन उचलायला तरी होणार नाही.

पेटी अजून इथेच आहे. एक चिठ्ठी कमी भरली. मुकादमाने वर लिहून विचारलं आहे की चाळिसावं नाव कोणाचं. वरून उत्तर यायला दहा दिवस लागतात, कधी पंधरा. कामात असं होतं कधी कधी.

शिडी उद्या खाली यायचा होता. आता लांबलं. कटरबाई सकाळी म्हणाली, चार दिवस इकडे तिकडे, वर्षभर थांबले तर आणखी चार दिवस. मी पुढची कड दुमडायला घेतली. तिच्याकडे पाठ करून काम असतं माझं, ते एक बरं आहे.

ताई


बुधवार, तारीख १३

सोमवारी मुकादमाच्या टेबलावर फोन करून तू मला बोलावून घेतलंस. अख्खं खातं बघत होतं. साहेबांचा फोन म्हणून मुकादम स्वतः उभा राहिला आणि मला खुर्ची दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले, आणि बसून काय ऐकलं?

आधी गोड बोललास. म्हणालास, ताई, पोरं आम्हीही परत आणणार आहोत, पण आमच्या तारखेला. ठराव त्यांचा आहे. त्यांच्या ठरावाला हात वर केला तर श्रेय ते नेतील आणि पुढच्या वेळी मला पक्ष उभा करणार नाही. वसंतात आमचा ठराव येतोय, शब्दसुद्धा लिहून तयार आहेत. मी विचारलं, दोन्हीत फरक काय. तू म्हणालास, त्यात "माघार" आहे, आपल्यात "सन्मानाने पुनरागमन" आहे. हे तू हसू न येता बोललास. बर्फाला जाऊन सांग की बाबा, तारीख अजून आमची नाही, तोवर जरा कमी पड.

मग मी बोक्याचं विचारलं, तेव्हा आवाज खाली आणलास. "ताई, बोका गोदामात कुणामुळे बसलाय ते विसरू नकोस. तुझी चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. तू जास्त बोललीस तर मला बोलावं लागेल."

मी फोन ठेवला. मुकादमाने विचारलं, सगळं ठीक ना. मी म्हटलं, साहेबांची तब्येत विचारत होते.

तर आता लिहूनच टाकते. तुझ्याकडे एक चिठ्ठी आहे तशी तुझ्याकडे ही दुसरीही राहू दे.

गेल्या वर्षी, बोक्याची तुकडी वर जायची ठरली तेव्हा, मी तुला लिहिलं होतं. ते माझंच अक्षर आहे. "माझ्या एकुलत्या एकाला वर पाठवू नका, तुमच्या ओळखीने खाली ठेवा." तुला अहोजाहो केलं होतं त्यात, काम होतं ना. तू एक फोन केलास आणि बोका गोदामात गेला. चाळिसात एक जागा रिकामी झाली. ती कशी भरली हे मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. पंधरा दिवसांनी कटरबाई जेवताना म्हणाली, बघ ना, शिडीचं नाव पुढच्या तुकडीत होतं, शेवटच्या दिवशी कुणीतरी गळलं म्हणून त्याला उचललं, नशीब एकेकाचं. मी तिच्या डब्यातला घास तोंडात घातला होता. तो गिळला. त्यानंतर वर्षभर गिळतेय.

तिने विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. तुझी बहीण शोभते.

आणि बोक्याचं नाव वर कुणी घातलं ते मला काल कळलं. त्याचं पत्र आलं. तू शोधलं नाहीसच. त्याने लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते:

"आई, गोदामाच्या वहीत मला सापडलं की माझ्या जागी शिडीला वर पाठवलं. माझं नाव वरच्या तुकडीला मी स्वतः दिलं आहे. मामाला सांगू नकोस, तो पुन्हा काढून टाकेल. शिडी वरून रेडिओवर बोलतो तेव्हा मला काहीच म्हणत नाही. विचारतो, बोक्या, दूध मिळतं का रे तिथे. म्हणून मला खाली बसवत नाही."

वाचलंस? तुझा भाचा तुझ्यापासून लपून वर चालला आहे. लोक तोफेपासून लपतात, हा मामापासून लपतोय.

मी त्याच्यावर चिडले. खरं सांगते, आधी त्याच्यावरच चिडले, पत्र टेबलावर आपटलं, गाढवा म्हटलं. मग तुझ्यावर. मग पुढे कुणावर चिडायचं ते मला माहीत होतं, म्हणून उठून भांडी घासली. सगळी घासून झाल्यावर स्वच्छ होती तीसुद्धा घासली.

ताई


रविवार, तारीख १७

हे पत्र चष्मेवाल्याने उघडलं असेल तर त्यानेही वाचावं. माझं काही झाकायचं उरलेलं नाही.

चाळिसावी चिठ्ठी आलीच नव्हती, हे खोटं आहे. आली होती. तीच बोक्याची. त्या मंगळवारी पट्टी भरून झाली आणि नंबर दिसला, तेव्हा मी ती पट्टी आणि चिठ्ठी दोन्ही मशीनच्या खणात बॉबिनच्या डब्याखाली सारली. मुकादमाला म्हटलं, एकोणचाळीसच आल्या. सतरा वर्षांत माझी एक पट्टी वाकडी गेली नाही, त्याने एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटलं, नाव नाही तर कोट नाही, कोट नाही तर बोका वर नाही. वरून विचारणा होईल, पंधरा दिवस जातील, तोवर २२ तारीख येईल आणि तू हात वर करशील. बघ, तेव्हाही मी तुझ्याच हाताच्या भरवशावर होते.

एवढी वर्षं पेट्या भरते आणि एवढं मला सुचलं नाही की पेटी अडली तर वरची चाळीसही अडतात. सुचलं नाही असंही नाही. कटरबाई चार दिवस इकडे तिकडे म्हणाली, तेव्हा मला चांगलं सुचलं होतं. मी पाठ करून बसले.

शनिवारी सकाळी कटरबाई उशिरा आली. ती कधी उशिरा येत नाही. टेबलापाशी उभी राहून मला म्हणाली की सैन्याच्या कचेरीतून फोन होता, शिडीच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. सोमवारपासून. बर्फाने. खाली आणला असता तर वाचली असती. आता पाय तरी वाचावा म्हणून गरम पाण्यात धरून बसलेत. सोमवार म्हणजे अकरा. तो नऊला खाली यायचा होता.

हे तिने रडत सांगितलं नाही. थान उलगडत सांगितलं, आणि मशीन चालू केलं.

मी खणातून पट्टी काढली. तिच्या टेबलावर तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. आधी पट्टीचं. मग म्हटलं, अर्धं कशाला, आणि गेल्या वर्षीच्या चिठ्ठीचंही सांगितलं. तुझं नाव घेतलं, माझंही घेतलं. मशीनच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि मागच्या दोन रांगांनी ऐकलं. ऐकू दे.

तिने हातातली थप्पी कापून पुरी केली. पंचवीस पदर होते, एकही वाकडा कापला नाही. मग मशीन बंद केलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मी उभी राहिले असते. ती म्हणाली, "वर्षभर माझ्या डब्यातलं खाल्लंस."

एवढंच. मग पट्टी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "शिव. माझ्यासमोर."

मी चाळिसावा कोट घेतला आणि माझ्या पोराचं नाव त्याच्यावर शिवलं. नारिंगी धाग्याने. ती डोक्यावर उभी होती. झाल्यावर तिने कोट उजेडाकडे धरला, पट्टीची चारही टोकं नखाने ओढून बघितली आणि कोट परत माझ्याकडे टाकला. म्हणाली, खालचा टाका सैल आहे. मी उसवून पुन्हा घातला. बर्फात पट्टी सुटून चालत नाही, ते तिलाही माहीत आणि मलाही.

चिठ्ठी मुकादमाच्या टेबलावर ठेवली. तो शनिवारी लवकर गेला होता. उद्या त्याला तोंडाने सांगणार आहे. सैन्याची चिठ्ठी लपवली म्हणजे कामावरून जाईन, कदाचित त्याहून जास्त होईल. ते माझं मी बघेन. तुझा फोन नको. त्यासाठी एक जरी फोन केलास तर मी तो अख्ख्या खात्यात ओरडून सांगेन.

आता तुझं.

पेट्या न्यायला गाडी शुक्रवारी येते, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी पाचला. मी शनिवारी तोंड उघडलं, तोवर या शुक्रवारची गाडी गेलेली होती. म्हणजे शिडीचा आणखी एक आठवडा माझ्या नावावर. पुढची गाडी २२ ला. तुमचं मतदानही २२ ला, सकाळी साडेदहाला. ठराव झाला तर नवी चाळीस वर जात नाहीत. नुसत्या गाड्या जातात आणि सगळ्यांना घेऊन येतात. हे मुकादमाने कचेरीत विचारून घेतलंय. ठराव पडला तर पाचला पेटी निघते, शिडी एका पायावर खाली येतो, आणि माझा बोका मी शिवलेला कोट घालून वर जातो. या खेपेला मी पेटी अडवणार नाही. अडवायची असेल तर तू अडव. तुझ्या हातात आहे आणि तुझा हात धडधाकट आहे, मी बघितलाय.

मी एक पट्टी खणात लपवली, शिडीची दोन बोटं काळी पडली ते मला ऐकावं लागलं. तू त्याआधीच्या शनिवारी एक हात दवाखान्यात लपवलास. त्याने कुठे काय काळं पडलं ते तू विचारायला जात नाहीस, म्हणून तुला बिस्कीट गोड लागतं.

माझ्या चिठ्ठीची भीती घालू नकोस. ती हवी तिथे वाच. सभागृहात उभा राहून वाच, टीव्हीवर दाखव. आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ झाली आहे. फक्त वाचताना पुढचंही वाच, की ती कुणाला लिहिली होती आणि फोन कुणी केला.

शुक्रवारी मी वरच्या गॅलरीत येऊन बसणार आहे. कटरबाईही येणार आहे. शनिवारी सुटताना जिन्यात तेवढं एक बोलली: "मी येणार. तुझ्याशेजारी नाही बसणार, पण येणार." तू वर बघशील तेव्हा दोन टोकांना दोन बायका दिसतील. मधली जागा रिकामी असेल. कळ आली तर तिथूनच उठून जा, म्हणजे आम्हाला दोन बस बदलाव्या लागणार नाहीत.

तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे, आणि त्याचाच संताप जास्त येतो. वाईट असतास तर मी एक ओळ लिहिली नसती. शाळा माझी सुटली आणि तू जायला लागलास, तेव्हा घरी येऊन पाटीवर मला अक्षरं काढून दाखवायचास. क्ष मला जमत नव्हता, तर तू माझं बोट धरून गिरवलास. माझ्याकडे जे अक्षर आहे ते तुझंच आहे. त्याच अक्षरात मी गेल्या वर्षी ती घाण चिठ्ठी लिहिली आणि त्याच अक्षरात हे लिहितेय.

पाकिटात एक कोरी पट्टी घातली आहे. पांढऱ्या कोटाची, एक वीत. तिच्यावर "हो" मावतं, "नाही" मावतं. संवेदनशील मावत नाही, सन्मानाने पुनरागमन तर नाहीच नाही, मी मोजून बघितलं. त्यातलं एक लिही. "नाही" लिहायचं असेल तर नाही लिही, मी ते बोक्याला कळवीन, म्हणजे त्याला वर जाताना मामाची वाट बघायला नको. पण तुझ्या हाताने लिही. टाईप केलेलं आलं, शिक्का आला, चष्मेवाल्याचं अक्षर आलं, किंवा काहीच आलं नाही, तर ते मी "नाही" समजेन आणि भाऊ हा शब्द त्यानंतर वापरणार नाही.

गुरुवार, तारीख २१. दुपारी दोनचा भोंगा होतो तेव्हा मी फाटकाशी येऊन उभी राहीन. पट्टी तोवर माझ्या हातात पाहिजे.

ताई